सालीसकट एक बटाटा

आमच्या घरातल्या पाचही माणसांना एकाच पातेल्यातलं जेवण चाललं असा दिवस मी सात वर्षांत पाहिलेला नाही. माझ्या नवऱ्याला साखर आहे. वहिनीला शेंगदाण्याचं वावडं, एक दाणा पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो. तिच्या मुलीला, म्हणजे आमच्या मुंगीला, गहू चालत नाही. मला दूध पचत नाही. आणि माझ्या थोरल्या भावाला, दादाला, काय चालत नाही हे सांगत बसण्यापेक्षा काय चालतं ते सांगणं सोपं होतं, कारण ती यादी तळहातावर मावायची. त्याची दोन्ही मूत्रपिंडं सात वर्षांपूर्वी कामातून गेली. मीठ बंद, केळं बंद, टोमॅटो बंद, पाणी दिवसाला एक बाटली, तीही खुणा केलेली.

तरीही दरवर्षी थंडी सरली की आम्ही तळ्याकाठी दोन तंबू ठोकून तीन दिवस राहायचो. न्याहाऱ्या धरून सात जेवणं व्हायची आणि त्यांचा बेत आखायचं काम माझ्या गळ्यात पडायचं. पडायचं म्हणजे मीच ते ओढून घ्यायची, कारण दुसऱ्या कुणी आखलेला बेत मला पटत नाही. नवरा म्हणतो, हिच्या हातात सत्ता आली असती तर हिनं आख्ख्या गावाला पथ्यावर ठेवलं असतं. मी त्याच्या खिशातल्या लिमलेटच्या गोळ्यांचे चमचमते कागद तेवढे काढून टेबलावर मांडते.

दादा सुतार. सहलीसाठी त्यानं एक पेटी केली होती, पाच खणांची, प्रत्येकाला एक खण. खणांच्या झाकणांवर मी रंगीत पट्ट्या चिकटवल्या होत्या. पिवळी दादाची, निळी नवऱ्याची, तांबडी वहिनीची, हिरवी मुंगीची, करडी माझी. एका खणातला चमचा दुसऱ्या खणात गेला तर मी तीन दिवस तोंड फुगवून बसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादा मला मुकादम म्हणायचा. ते माझं कामच होतं म्हणा. एका मोठ्या इस्पितळात पथ्याचा स्वयंपाक जिथं होतो, तिथली मी बावीस वर्षं मुकादम आहे.

तिथंही रंगच चालतात. वरून प्रत्येक ताटासाठी एक चिठ्ठी खाली येते आणि भरलेल्या ताटाबरोबर परत वर जाते. मूत्रपिंडाच्या रोग्याची पिवळी, साखरवाल्याची निळी. पट्ट्यांचे रंग मी तिथूनच उचलले होते. आणखी एक चिठ्ठी असते, पांढरी. तिच्यावर एवढंच लिहिलेलं असतं, "इच्छेप्रमाणे." पथ्यावर असलेल्या माणसाचं पथ्य डॉक्टर काढून टाकतात तेव्हा ती निघते, आणि ती का निघते हे आमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईलाही कळतं. अमका आता जाणार असं आम्ही तोंडानं म्हणत नाही. अमक्या खाटेची पांढरी आली, एवढंच म्हणतो.

पांढरी आली की हातातलं काम टाकून वर जायचं, त्या माणसाला काय खावंसं वाटतं ते विचारायचं, आणि तो सांगेल ते करायचं. हा नियम माझा. एका म्हातारबाबांना भर दुपारी तीन अंडी तळून हवी होती, दिली. एका आजींना पावाला साखर लावून हवी होती, पाच वेळा केली, त्यांनी एकदाच एक घास घेतला. हे सगळं मी संध्याकाळी दादाला जाऊन सांगायची. तो रंधा चालवत ऐकायचा. एकदा त्यानं मध्येच विचारलं होतं, माझी पांढरी निघाली की मला काय देशील? मी म्हटलं, तूच सांग. तो म्हणाला, निखाऱ्यात भाजलेला बटाटा, सालीसकट, वर मूठभर मीठ. मूत्रपिंडाच्या रोग्याला बटाटा द्यायचा तर बारीक चिरून, पाण्यात ठेवून, दोनदा उकडून, दोन्ही पाणी फेकून द्यावा लागतो. मग उरतं ते बटाट्याचं भूत. दादानं सात वर्षं तेच खाल्लं होतं. मी त्याला म्हटलं, तुझी पांढरी निघायला अजून अवकाश आहे, गप्प रंधा चालव.

तेव्हापासून तो आमचा ठरलेला विनोद झाला. दरवर्षी तळ्याकाठी निखारे पडले की दादा म्हणायचा, मुकादम, एक बटाटा. मी म्हणायची, पुढच्या वर्षी. सगळे हसायचे आणि मी त्याच्यापुढे त्याचं भूत वाढायची.

दादा आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करून घ्यायला आमच्याच इस्पितळात यायचा. चार नंबरची खुर्ची त्याची ठरलेली. तो यंत्राला जोडलेला असताना दुपारचं ताट माझ्याकडून जायचं. त्या वर्षी सहलीला दहा दिवस उरले असतानाची गोष्ट. मी ओट्यापाशी उभी राहून चिठ्ठ्या लावत होते, आणि चार नंबरची चिठ्ठी पांढरी आली.

मला वाटलं, वरच्या पोरीनं घोळ घातला. अशा घोळाला मी सोडत नाही. तशीच एप्रनवर जिना चढून डॉक्टरीण बाईंच्या खोलीत गेले आणि चिठ्ठी त्यांच्यापुढे आपटली. त्यांनी मला बसायला सांगितलं. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी बसायला सांगितलं नव्हतं.

दादाच्या हृदयाला आता यंत्र झेपत नाही, असं त्या म्हणाल्या. प्रत्येक वेळी रक्तदाब इतका खाली जातो की मध्येच थांबवावं लागतं. अजून सात-आठ वेळा ओढता येईल, मग तेही नाही. सहलीला जाऊ दे, असंही म्हणाल्या. तीन आठवडे, फार तर चार. मी विचारलं, त्याला सांगितलंत का? त्यांनी समोरची फाईल बंद केली आणि म्हणाल्या, "तुम्ही बोला त्यांच्याशी."

मी त्याचा अर्थ लावला की त्याला काही माहीत नाही. मला दुसरा अर्थ सुचलाच नाही. माणूस घाबरला की त्याला सोयीचंच ऐकू येतं.

खाली आले. थोरल्या आचाऱ्यानं ती चिठ्ठी पाहिली होती, चार नंबर कोण हेही त्याला ठाऊक होतं. तो हात पुसून तयारच उभा होता. त्यानं फक्त विचारलं, ताई, काय करू? मी म्हटलं, काही नाही, चूक झाली होती. मग मी गठ्ठ्यातली एक कोरी पिवळी चिठ्ठी ओढली, माझ्या हातानं तिच्यावर चार लिहिलं, आणि बिनमिठाचा भात, पाण्यातून काढलेला कोबी आणि उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग असं नेहमीचं ताट वर पाठवलं. पांढरी एप्रनच्या खिशात कोंबली. तासाभरानं ताट खाली आलं. दादानं सगळं चाटूनपुसून संपवलं होतं.

मी असं का केलं, हे मला कुणी विचारलं तर मी आज धडपणे सांगू शकते. जोवर चिठ्ठी पिवळी होती, तोवर माझा भाऊ आजारी होता. पांढरी त्याच्या ताटात ठेवली असती तर तो मरणारा झाला असता, आणि ते माझ्या हातानं झालं असतं. मला ते जमलं नाही. बोलणं तर दूरच राहिलं. आणि मिठाचा एक दाणा जरी मी त्याला वाढला असता तरी तो समजला असता, कारण पांढऱ्या चिठ्ठीच्या सगळ्या गोष्टी त्याला मीच सांगून ठेवल्या होत्या. वहिनीला सांगायची सोय नव्हती. तिच्या पोटात काही राहिलं तरी चेहऱ्यावर लपत नाही, असं मी धरून चालले होते. नवऱ्यालाही काही बोलले नाही. सहल होऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं.

त्या आठवड्यात मी जो बेत आखला तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात काटेकोर बेत होता. दादाच्या सातही जेवणांचं माप मी ग्रॅमपर्यंत काढलं. बटाटा एकदाच, रविवारी संध्याकाळी, दोनदा उकडून. सफरचंद अर्धं. पाण्याच्या बाटलीवर नव्या खुणा केल्या. पथ्यात कुठं फट राहिली तर त्या फटीतून खरं बाहेर येईल, अशी मला धास्ती होती.

पेटी दादाच्या कारखान्यात होती. ती आणायला गेले तर तिला चारच खण. माझ्या आणि त्याच्या खणामधली फळी काढलेली, दोन्हींवर मिळून एकच नवं झाकण. मी भडकले. म्हटलं, ही काय अवदसा आठवली तुला? तो म्हणाला, फळी ओलीनं फुगली होती, काढून टाकली, तुझंमाझं या वेळी एकाच खणात राहू दे. मी म्हटलं, पद्धत म्हणजे पद्धत, दुसरी फळी घाल. त्यानं हातातला पटाशीचा दांडा खाली ठेवला. त्याला धाप लागत होती. "राहू दे गं मुकादम," तो म्हणाला. "तुझ्या खणात माझ्यामुळं काही बिघडणार नाही." मी पुटपुटत पेटी उचलली आणि घरी येऊन त्या मोठ्या खणावर पिवळी आणि करडी पट्टी शेजारी शेजारी चिकटवली.

तळ्यावर गेलो तेव्हा ऊन छान होतं. नवरा गाडी लावल्या लावल्या मुंगीच्या खणातला जॅम शोधायला लागला आणि पकडला गेला. मुंगी आता एकोणीस वर्षांची आहे, बापासारखीच कमी बोलणारी. दादा एका घडीच्या खुर्चीत बसून तिला तंबूच्या दोरांच्या गाठी घालायला लावत होता. दरवर्षी गाठी तो घालायचा. या वेळी त्यानं एकाही दोराला हात लावला नाही. चुकली की सोडायला लावायचा, पुन्हा घालायला लावायचा. शेवटची गाठ बसली तेव्हा म्हणाला, आता वारा सुटला तरी तुमचा तंबू उडायचा नाही. तुमचा म्हणाला. मी ते ऐकलं आणि भात उतू जातोय का ते बघायला वळले.

दादानं खाकी कोट घातला होता. ऊन असूनही काढत नव्हता. मधूनमधून त्याचा हात उजव्या खिशाकडे जायचा. मला वाटलं, थंडी वाजत असेल. रक्त कमी असलं की वाजते.

वहिनी त्या तीन दिवसांत मला फार शहाण्यासारखी वागताना दिसली. एरवी ती माझ्या मापांवरून कुरकुरते, दादाला घासभर जास्त वाढ म्हणते. या वेळी काही नाही. मी वाढेन ते ती मुकाट्यानं त्याच्यापुढे ठेवायची आणि त्याच्या शेजारी बसायची. मला हायसं वाटलं. एवढी गुणी झाली म्हणजे हिला काही कळलेलं नाही, असं मी मानलं. माझ्यासारखी मूर्ख बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

रविवारी संध्याकाळी चूल विझत आली आणि निखारे पडले. बाकीच्यांसाठी मी चार बटाटे त्यात पुरले होते, त्यांचा वास सुटला. दादाचं भूत वेगळ्या पातेल्यात तयार होतं. तो नेहमीसारखा पुढे वाकला आणि म्हणाला, "मुकादम, एक बटाटा."

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं. आवाज बरोबर लागला. नवरा हसला, मुंगीही हसली.

दादा हसला नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. त्याचा हात कोटाच्या खिशात होता.

"या वर्षी दे," तो म्हणाला.

ते त्यानं मागितलं म्हणजे लहान मुलासारखा हट्ट केला असं नव्हतं. अगदी हळू म्हणाला, मला एकटीला ऐकू जाईल असं. मला तेव्हा सगळं सांगता आलं असतं. काही बोलायचीही गरज नव्हती. एका काडीनं निखाऱ्यातला एक बटाटा त्याच्याकडे ढकलला असता तरी पुरलं असतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी चिडते. मी म्हटलं, "सात वर्षं सांभाळलं ते एका बटाट्यासाठी घालवायचंय का? रिपोर्ट चांगले येऊ दे, पुढच्या वर्षी देईन."

वहिनी उठून तळ्याकडे गेली. तिला धूर लागला असेल, असं मला वाटलं.

दादानं खिशातून हात काढला. दोन्ही हातांनी ताटली पुढे केली आणि म्हणाला, "बरं. वाढ." मी त्याला त्याचा पांढराफटक बटाटा वाढला. त्यानं तो सगळा खाल्ला आणि छान झालाय म्हणाला. त्या बटाट्याला कधीच चव नसायची, आणि तो दरवेळी छान झालाय म्हणायचा.

परत आल्यावर नवव्या दिवशी दादा गेला. यंत्रावर असतानाच त्याची शुद्ध गेली, वरच्या मजल्यावर हलवलं, तिथं दोन दिवस काढले. त्या दोन दिवसांत त्याची पिवळी आली नाही की पांढरी आली नाही. शुद्धीवर नसलेल्या माणसाची चिठ्ठी निघत नाही. मी दोन्ही दिवस कामावर होते, येणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्यात चार नंबर शोधत होते. थोरला आचारी माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा कोबी चिरायला लागायचा.

महिन्याभरानं वहिनीनं मला त्याच्या वस्तू लावायला बोलावलं. मुंगी कॉलेजात गेली होती. आम्ही दोघीच कारखान्यात बसलो. हत्यारं कोणाला द्यायची, लाकूड कुणाला, असं बोलणं चाललं होतं. मग वहिनीनं खुंटीवरचा खाकी कोट काढला, उजव्या खिशातून एक वस्तू काढली आणि माझ्या हातात दिली.

लाकडी डबी होती, मुठीत मावेल एवढी. सरकत्या झाकणाची. झाकणावर पिवळ्या पट्टीचा एक तुकडा अजून चिकटलेला होता. माझीच पट्टी. पेटीतली फळी फुगली नव्हती, ती आणि त्याच्या खणाचं जुनं झाकण कापून त्यानं ही डबी केली होती.

"तुझ्यासाठी नाही केली," वहिनी म्हणाली. "स्वतःसाठी केली होती त्यांनी. तळ्यावर न्यायला."

मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीण बाईंनी दादाला आधीच सांगितलं होतं, कारण त्यानंच सरळ विचारलं होतं. घरी येऊन त्यानं वहिनीला सांगितलं. मला मात्र तोंडानं सांगणं त्याला जमेना. लहानपणापासून मला वाईट बातमी कधी त्यानं दिली नव्हती. म्हणून त्यानं बाईंना विनंती केली की काही बोलू नका, खाली फक्त पांढरी चिठ्ठी पाठवा, तिला कळेल. ती वर येऊन मला विचारेल, काय खावंसं वाटतं.

"आणि आली पिवळी," वहिनी म्हणाली. "तुझ्या अक्षरातली. घरी आल्यावर मला दाखवली त्यांनी. म्हणाले, तिला नाही सोसवलं. मग ही डबी करत बसले. तळ्यावर तरी देईल म्हणाले."

मी विचारलं, "तुम्ही का नाही दिलात वहिनी? माझ्या पाठीमागं एक बटाटा द्यायला काय झालं होतं?"

"मी म्हटलं होतं. नको म्हणाले. तिच्या हातून मिळाला तर खाईन. आणि नाही दिलान तर तिला कळू देऊ नकोस म्हणाले, ती पथ्य सांभाळतेय तोवर ती उभी आहे." वहिनीनं डोळे पुसले नाहीत. "मी तरी आता सांगायला नको होतं. पण मला एकटीला हे ठेवून घेता येईना गं."

मी झाकण सरकवलं. मीठ काठोकाठ भरलेलं होतं. ओलीनं वरचा थर आवळून घट्ट झाला होता आणि त्याच्यावर बोटाची खूणसुद्धा नव्हती. तीन दिवस ते त्याच्या खिशात होतं. सातही जेवणं त्याच्यापुढे अळणी होती, डबी हाताशी होती, आणि त्यानं चिमूटभरही घेतलं नव्हतं. तो माझी वाट बघत होता. बावीस वर्षं मी परक्या माणसांच्या खाटेपाशी जाऊन काय हवं ते विचारत आले, आणि माझ्या सख्ख्या भावानं न विचारता दोनदा सांगितलं तेव्हा मी त्याच्यावर चिडले.

रडायला आलं तेव्हा आवाज करून रडले, डबी मांडीवर धरून, मीठ सांडू नये म्हणून ती सरळ धरून. वहिनी उठून आत गेली. थोड्या वेळानं चहाचे दोन कप घेऊन आली आणि एक माझ्यापुढे ठेवला. चहात दूध होतं. इतक्या वर्षांत ती माझं वावडं पहिल्यांदाच विसरली होती. मी कप उचलला आणि सगळा चहा पिऊन टाकला. छान झालाय, म्हटलं.